फेकीचे फळ

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील कचेऱ्यांतून काम करणाऱ्या आम्हा मराठी माणसांत कर्मविपाकाचा विषय निघाला की बूमरँगचा दृष्टांत हटकून येतो: जे फेकाल ते फिरून तुमच्याच हाती येईल. कर्मसिद्धान्तावर माझी श्रद्धा आहे, आणि म्हणूनच त्याला दिलेला हा आधार मला कच्चा वाटतो.

खेळातला बूमरँग परततो, कारण त्याच्या भुजांना विमानाच्या पंखाचा घाट दिलेला असतो. जवळजवळ उभा धरून गिरकीसह फेकला असता वर आलेली भुजा हवा अधिक वेगाने कापते, खालची कमी वेगाने, आणि या विषम जोराने फिरत्या वस्तूचा रोख क्रमाक्रमाने वळत जाऊन मार्ग वर्तुळाकार होतो. मात्र वाटेत काही आडवे आले की ते वर्तुळ मोडते. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचा शिकारीचा बूमरँग याहून जड व कमी वाकलेला. तो लांबवर जवळपास सरळ जाऊन जनावराला लोळवतो आणि तेथेच पडतो. हाती परतते ते कोणालाही न लागलेले. ज्याने आघात केला, ते आघाताच्या जागीच राहते. शंकराचार्यांनी प्रारब्धासाठी सुटलेल्या बाणाचा दृष्टांत योजला, त्यात सुटलेले परत घेता येत नाही हे गांभीर्य आहे.

आघाताच्या जागी काय राहते, ते सांगणारी एक हकीकत इकडचीच आहे. येथून होसूर रस्ता अत्तिबेले ओलांडून तमिळ मुलखात शिरतो. त्या मुलखात पुष्कळ दक्षिणेस, शिवगंगेच्या इलाख्यात, वळरी नावाचे, बूमरँगसारखे लाकडी किंवा लोखंडी वक्र फेकशस्त्र शिकारीत आणि लढाईत चाले. तेथील सत्ताधीश चिन्न मरुदू याने कंपनी सरकारच्या फौजेतील जेम्स वेल्श या तरुण अंमलदाराला भाला आणि वळरी फेकण्याची विद्या स्नेहाने शिकवली. पुढे पाळेगारांचे युद्ध पेटले, आणि ज्याने शिकवले त्याचाच पाठलाग करण्याची कामगिरी शिष्यावर आली. २४ ऑक्टोबर १८०१ रोजी तिरुप्पत्तूर येथे चिन्न मरुदूला व त्याच्या भावाला फाशी देण्यात आली. चिन्न मरुदूचा कोवळ्या वयाचा मुलगा दुरैस्वामी पेनांग बेटावर हद्दपार झाला. १८१८ साली तेथे एक अकाली जर्जर झालेला मनुष्य वेल्शला भेटला, तो हाच. त्या भेटीने आपले अंतःकरण विद्ध झाल्याचे वेल्शने १८३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत प्रांजळपणे नोंदले आहे.

येथे कोणाचे काय परतले? चिन्न मरुदूने दिले ते विद्यादान, वाट्याला आला फास. मुलाने तर काहीच फेकले नव्हते. पूर्वजन्मीचे संचित पुढे करून हिशेब जुळवता येईल, पण ज्या दप्तराची वही आपल्यापैकी कोणी पाहिलेली नाही, तिच्या आधारे दुसऱ्याच्या दुःखावर निवाडा देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मला त्या वृत्तांतात कर्माचे फळ दिसते ते एकाच ठिकाणी: वेल्शच्या व्यथेत. ते फळ त्याचे त्याने ओळखले. बाहेरून कोणी त्याच्या पदरात घातले नाही.

कर्मसिद्धान्त प्रथमपुरुषी एकवचनात उच्चारावा, असे माझे मत आहे. माझ्या कृतीने कोण जखमी झाला हे शोधण्यास तो मला भाग पाडतो, तोवर तो धर्म. शेजाऱ्याची नोकरी गेली, कोणाचे मूल आजारी पडले, की तोच सिद्धान्त क्रौर्य होतो. तेव्हा वाचकहो, आपत्तीत सापडलेल्या माणसापुढे बूमरँगचा दृष्टांत उच्चारू नका. त्याला काय हवे, एवढे विचारा.