थकलेले पाय आणि वारीचा नेम

शंका : वय ७२. तिशीपासून आळंदी ते पंढरपूर पायी वारी करतो. गेल्या वर्षी दिवे घाटात दम इतका लागला की वाटेत बसावे लागले. दिंडीतली मंडळी म्हणतात, यंदा ट्रकमध्ये बसा. तसे केले तर वारीत खाडा पडेल का? नेम मोडल्याचा दोष लागेल का?

समाधान : दम दिवे घाटातच लागला, याला कारण आहे. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि पुण्याचा मुक्काम आटोपून एकादशीला सासवडची वाट धरते. वाटचालीतला हा सर्वांत लांबचा टप्पा, सुमारे ३० किलोमीटरचा. त्यात घाटाची चढण आणि बहुतेकांच्या पोटी उपास. तरण्याताठ्या गड्यालाही हा दिवस जड जातो. सत्तरीनंतर तर हृदयाचे ठोके तरुणपणाइतके वाढू शकत नाहीत, मांड्यांतले स्नायू झडलेले असतात, आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे तहान मंदावते. अंगातले पाणी कमी झालेले असते, पण घशाला कोरड जाणवत नाही. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असेल तर भर पडते ती वेगळीच.

म्हणून दोषाचा विचार करण्याआधी पत्रलेखकाने डॉक्टरांकडे जायला हवे. उतारवयात, विशेषतः मधुमेह असेल तर, हृदयविकार छातीत न दुखताही येतो. नुसता दम, घाम आणि अवाजवी थकवा एवढीच त्याची खूण असू शकते. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून ती सोडून देऊ नये. वारीच्या महिनाभर आधी तपासणी झाली तर उपचाराला वेळही मिळतो.

आता नेमाविषयी. ट्रकमध्ये बसून काढलेला टप्पा पायी झाला, असे म्हणता येणार नाही. तिथे मनाची समजूत घालण्यात अर्थ नाही. वारी मात्र घडते. या सोहळ्याची आखणीच विसावा धरून झालेली आहे. पुण्यात दोन मुक्काम, सासवडला दोन मुक्काम, रोजच्या वाटेवर सकाळचा विसावा, दुपारचा विसावा. पादुका रथात असतात, आणि घाट लागला की रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. मुक्या जनावराची ताकद ओळखून ज्या वाटेवर अशी सोय होते, तिथे बहात्तरीच्या म्हाताऱ्याने आपली ताकद ओळखली तर त्यात पाप कसले?

संप्रदायात याहून मोठा दाखला आहे तो अरणच्या सावता माळ्यांचा. अरण पंढरपूरपासून फार लांब नाही, तरी सावतोबा वारीला गेले नाहीत. मळ्यातल्या कामातच त्यांना विठ्ठल दिसला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. पंढरपूरला न गेलेल्या या माळ्याला संतांच्या मांदियाळीत मानाची जागा मिळाली. आजही त्यांची पालखी पंढरपूरला जात नाही. आषाढीनंतर पांडुरंगाचीच पालखी अरणला भेटीला येते. ज्या परंपरेत देव भक्ताच्या गावी जातो, ती एका चढणीचा हिशोब मांडत बसेल, असे वाटत नाही.

करायचे काय, तर दिवे घाट गाडीने पार करावा. सपाटीवरचे टप्पे जमतील तेवढे चालावेत, सकाळच्या गारव्यात. तहानेची वाट न पाहता थोडेथोडे पाणी प्यावे. डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर तेच पाळावे. वाखरीहून पंढरपूरची शेवटची वाट, अंगात त्राण असेल तर, पायी. आणि दिंडीच्या मंडळींना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे भर घाटात भिडेपोटी पाय ओढत राहण्याची वेळ येणार नाही.

शंका : आई ८१ वर्षांची, मधुमेहाच्या गोळ्या चालू. आषाढीची एकादशी ती निर्जळी करते. अडवले तर म्हणते, ‘आता शेवटी शेवटी देवाला फसवू का?’ काय सांगावे?

समाधान : आईला पंढरपुरातलाच आधार दाखवावा. काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास रचलेला ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ महाराष्ट्रात व्रतवैकल्यांच्या निर्णयासाठी आजही उघडला जातो, आणि हे उपाध्याय पंढरपूरचेच. एकादशीचा उपास आठ वर्षांवरच्या आणि ऐंशी पूर्ण न झालेल्या माणसासाठी, अशी धर्मशास्त्राची मर्यादा आहे. आईने ती ओलांडली आहे. शिवाय पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असे शास्त्रच सांगते. अशक्ताने एक वेळ जेवून व्रत करावे किंवा मुलाकडून करवून घ्यावे, हीदेखील जुनीच सोय आहे. तेव्हा यंदा आईच्या नावाने मुलाने उपास धरावा. तिला नुसते अडवण्यापेक्षा हे तिच्या मनाला अधिक पटेल.

वैद्यकीय धोका खरा आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या पोट रिकामे असले तरी साखर खाली ओढत राहतात. घाम, थरथर, मग बोलण्यात असंबद्धपणा. म्हाताऱ्या माणसात पुष्कळदा थेट चक्कर येऊन पडणे. हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर धडधडीची सूचनाही मिळत नाही. त्या दिवशी गोळी किती घ्यायची, हे डॉक्टरांनी ठरवायचे; घरच्यांनी परस्पर बंद करू नये. उलट बाजूने, साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा साखर झपाट्याने चढवतात. दूध, ताक, मूठभर शेंगदाणे, एखादे फळ बरे.

शंका : नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. दुपारी जेवणानंतर डोळे मिटतात. सासूबाई कधी दिवसा आडव्या झाल्या नाहीत, म्हणून मनाला खाते. दिवसा झोपणे हा आळसच ना?

समाधान : नाही. चरकसंहितेने दिवसाची झोप एरवी उन्हाळ्यापुरती मान्य केली आहे, पण वृद्ध, बालके, दुर्बळ आणि दमलेली माणसे यांना ती बाराही महिने मोकळी ठेवली आहे. त्याच ग्रंथात अडवू नयेत अशा तेरा वेगांची यादी आहे. भूक आणि तहान यांच्याबरोबर झोप तिथे आहे, आणि श्रमानंतर लागणारा दमही आहे. सासूबाई आडव्या झाल्या नाहीत, कारण त्या पिढीतल्या बाईला कुणी होऊ दिले नाही. तो त्यांच्यावरचा अन्याय होता. सुनेने तो नियम म्हणून पुढे चालवू नये.

मात्र अर्धा तास पुरे. तास-दोन तास झोप लागली तर रात्र तळमळत जाते. दिवसभर पडून राहिल्यानेही स्नायू झडतातच, तेव्हा संध्याकाळचे फिरणे चुकवू नये. उठताना आधी कुशीवर वळावे, पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे आणि मग उभे राहावे. या वयात एकदम उठल्यावर रक्तदाब उतरतो आणि तोल जातो.