पुढें पाठविणाऱ्याचा दोष

शाळेंत संगणक आला, मुलांच्या हातीं मोबाइल आला, आणि आपलीं मुलें आतां मागें राहणार नाहींत असा गांवोगांवच्या आईबापांस धीर आला. ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु यंत्र चालवितां आलें म्हणजे त्याची विद्या आली असें म्हणतां येईल काय?

सन २०१८ च्या जुलै महिन्याच्या १ तारखेस धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें जें घडलें तें आठवावें. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे अशी अफवा त्या सुमारास मोबाइलवरून घरोघर पोहोंचली होती. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं तेथें आलेल्या पांच जणांस लोकांनीं ती टोळी समजून ठार मारिलें. ते नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे. त्यांचा कांहीं अपराध नव्हता.

मारणारे अपराधी, ह्याविषयीं वाद नाहीं. पण ज्यांनीं तो निरोप पुढें पाठविला त्यांचें काय? ते म्हणतील, "आम्हीं कोणावर हात उगारिला नाहीं, लेंकरांच्या काळजीनें इतरांस सावध केलें." हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं, म्हणूनच त्याचा विचार केला पाहिजे. न कळणें हा दोष नव्हे. परंतु जें आपणांस कळलें नाहीं तें कळल्यासारखें सांगणें हा दोष होय. गांवच्या पंचांपुढें साक्षीदार उभा राहिला कीं त्यास विचारतात, "तूं डोळ्यांनीं पाहिलेंस काय?" "नाहीं, ऐकलें," असें तो म्हणाला कीं त्याच्या शब्दाचें वजन जातें. तोच मनुष्य मोबाइलवर शंभर घरांस साक्ष देतो, आणि त्याला विचारणारा पंच कोणी नसतो. खोट्या साक्षीविषयींची आज्ञा आपण लहानपणींच पाठ केली आहे. ती केवळ न्यायसभेपुरती आहे असें समजूं नये.

त्याच जुलै महिन्यांत व्हॉट्सॲप कंपनीनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पाठवितां येऊं नये अशी मर्यादा जाहीर केली. अशा उपायानें असत्याचा वेग कमी होईल. मनाची संवय बदलण्याचें काम शाळेचें व घराचें आहे. केरळांतील कण्णूर जिल्ह्यांत हें ओळखलें गेलें. तेथें गोवर-रुबेलाच्या लशीविषयीं भलत्या गोष्टी पसरल्यामुळें कित्येक आईबाप मुलांस लस टोंचवीनात. तेव्हां जिल्हाधिकाऱ्यांनीं २०१८ सालीं सुमारें १५० सरकारी शाळांत "सत्यमेव जयते" नांवाचे पाठ सुरू करविले. खोटी बातमी कशी ओळखावी, ती कां पसरते, भडक मथळा कसा फसवितो, हें मुलांस शिकविलें.

आपल्या शाळांतही हें शिकवावें. पण ह्यांत एक अडचण आहे, व ती आपण वडील माणसांनींच सोडविली पाहिजे. असें शिकलेलें मूल एके दिवशीं आजोबांस विचारील, "हें खरें कशावरून?" त्या वेळीं त्याला उद्धट म्हणून गप्प बसविलें, तर शाळेंतील सर्व शिकवण व्यर्थ जाईल. आमच्यापैकींही पुष्कळांनीं निरोप न तपासतां पुढें पाठविले आहेत, हें आम्ही कबूल करतों. म्हणून आईबापांस आमची विनंति ही : त्या प्रश्नावर रागावूं नका. निरोप तसाच राहूं द्या, व मुलाबरोबर बसून तो तपासा. तें मूल आपणांस खोटी साक्ष देण्यापासून वांचवीत आहे.