पुष्कराज आणि सुनेला

नाशिकच्या सराफ बाजारात पुष्कराज विचारायला येणारी माणसं बहुधा निवांत नसतात. मुलीचं लग्न जमत नसतं, धंदा बसलेला असतो, कुणीतरी पत्रिका पाहून गुरू दुबळा असल्याचं सांगितलेलं असतं. अशा वेळी समोर पिवळाधमक खडा आला की ‘लाभेल ना?’ एवढंच विचारलं जातं. ‘हा नक्की आहे काय?’ हे विचारायचं राहून जातं.

पुष्कराज म्हणून सुनेला गळ्यात मारणं ही जुनी फसवणूक. सुनेला म्हणजे पिवळा स्फटिक. बाजारात पुष्कराज म्हणतात तो माणिक-नीलमाच्या कुळातला, कुरुविंद. नवख्या डोळ्याला फरक कळत नाही, पण पाण्याला कळतो. आठ कॅरटचा, म्हणजे १.६ ग्रॅमचा सुटा खडा पाण्यात बुडवून तोलला, तर पुष्कराज ०.४ ग्रॅमनं हलका भरतो, सुनेला ०.६ ग्रॅमनं. काटा तेवढा बारीक हवा. खड्याला ओरखडाही पडत नाही.

काचेचं बिंग दहापट भिंगाखाली आतल्या गोल बुडबुड्यांनी फुटतं. माणकाचं प्रकरण मात्र अवघड. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हेर्नय यांनी भट्टीत माणिक घडवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली. ते काच नव्हे. घटक तेच, काठिण्य तेच, पाण्यातला तोलही तोच. फरक राहतो वाढीच्या रेषांत: जमिनीत वाढलेल्या माणकात त्या सरळ आणि कोनात वळलेल्या, भट्टीत थेंबाथेंबानं साचलेल्यात वक्र. खडा कुठे जन्मला ते त्याच्या पोटात असं उमटलेलं असतं. म्हणून टपोरा, आत कसलीच खूण नसलेला आणि वर स्वस्त खडा दिसला, की हरखून न जाता सावध व्हावं.

निसर्गात वाढलेलं कसं दिसतं, याची डोळ्याला सवय हवी. त्यासाठी नाशिककरांनी सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय जरूर पाहावं. आपल्याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत वाढलेले स्टिल्बाइट, अपोफिलाइट तिथे आहेत. ते अंगठीत घालायचे खडे नव्हेत. पण एकावर एक चढलेल्या पापुद्र्यांकडे, मधेच थांबलेल्या कडांकडे जरा वेळ पाहिलं, की घाईनं बनवलेल्या वस्तूचा गुळगुळीतपणा आपोआप खटकू लागतो.

भट्टीतलं माणिक हौसेनं घालण्यात काहीच गैर नाही. ते भट्टीतलं आहे हे लपवणं गैर, आणि समोरच्याची काळजी ओळखून लपवणं तर क्रूरपणाच.

तेव्हा पैसे मोजण्याआधी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा अहवाल मागा. बिलावर खड्याचं नाव, वजन आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द लिहून घ्या. जो का-कू करील त्याच्याकडून खडा घेऊ नका, मग मुहूर्त टळला तरी चालेल.