पायी यात्रा आणि यात्रेकरूचे भाग्य

नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा काढीत. अशोकाने बोधगयेस जाऊन धर्मयात्रेस प्रारंभ केला, असा त्या लेखाचा आशय आहे. दान तर होतेच, परंतु वृद्धांची व ग्रामीण प्रजेची भेट आणि धर्माविषयी विचारणाही त्या यात्रेत अभिप्रेत होती.

तथापि यात्रेस निघता येणे हेच एक भाग्य होय. वारीत अल्पभूधारक शेतकरीही चालतो, हे खरे. परंतु त्याच्या मागे गुरेवासरे कोणीतरी सांभाळीत असते, आणि पुष्कळदा ती घरातील स्त्री असते. तिच्या वाट्याचे पुण्य कोणी मोजत नाही.

रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे जन्मलेले आचार्य विनोबा भावे १९५१ मध्ये अशांत तेलंगणात शांतीसाठी पायी फिरत होते. १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीच्या भूमिहीन दलितांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांपाशी जमीन कोठली? त्यांनी ती मागणी सभेपुढे ठेवली, तेव्हा एका जमीनदाराने १०० एकर देऊ केली. चालणाऱ्याने उपदेशाआधी ऐकून घेतले, म्हणून हे घडले.

सोपाऱ्याजवळील भुईगाव येथे १९५६ मध्ये अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा सापडला. लोक प्रवासास निघताना मंगलविधी करतात, याचा उल्लेख त्या लेखात येतो. आणि त्याहून श्रेष्ठ मंगल म्हणून जे सांगितले आहे, त्यात पहिले स्थान दास व सेवकांशी योग्य वर्तनाला आहे.