देववृक्ष आणि त्यांचे आश्रित
॥ श्री ॥

श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी सर्व वृक्षांमध्ये अश्वत्थ ही आपली विभूती सांगितली आहे. आपल्या पूर्वजांनी वर्षभराच्या सणांत कडुलिंब, वड, बेल, आपटा, उंबर यांना स्थान दिले. ज्या वृक्षाची पूजा करावयाची, त्याच्या आश्रयाने किती जीव जगतात, याचे चिंतन हीदेखील उपासनाच होय.

चैत्र पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पाने प्रसाद म्हणून घेतली जातात. त्याच सुमारास झाड फुलते आणि मधमाश्यांना मध मिळतो. लिंबोळ्या पिकतात त्या जून-जुलैत, म्हणजे ताडकळस परिसरातील काळ्या रानावर मृगाच्या सरी येतात त्या सुमारास. बुलबुल, साळुंकी, कोकीळ गर खाऊन बी दूरवर टाकतात. हे बी काही आठवड्यांतच उगवणशक्ती गमावते. परंतु ओली माती तोवर तयार असते. विधात्याची वेळ अशी अचूक असते.

दुर्मिळ पाहुण्याला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. वास्तविक उंबराला असंख्य फुले येतात, पण ती फळाच्या आत दडलेली असतात. एक इवलीशी गांधीलमाशीसारखी माशी फळाच्या टोकावरील सूक्ष्म छिद्रातून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. ती परागकण पोहोचविते, अंडी घालते आणि तेथेच देह ठेवते. तिच्या मुली पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे निघतात. त्यांचे बाहेरचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे. त्या अवधीत दुसरा उंबर सापडला पाहिजे. म्हणूनच सर्व उंबर एकाच वेळी फळत नाहीत, आणि म्हणूनच वैशाखाच्या वणव्यातही कोठे ना कोठे हरियाल, तांबट, वटवाघूळ यांची पंगत बसलेली असते. श्रीदत्तगुरूंचे स्थान मानलेला औदुंबर असा खरोखरीच अन्नदाता आहे. बांधावरचे उंबर एकेक करून तुटले, तर त्या माशीने जावे कोठे, आणि पाखरांनी खावे काय?

श्रावणात बेलाला कोवळी पालवी असते. लिंबावर वाढणाऱ्या फुलपाखराच्या अळ्या बेलाचीही पाने खातात. छिद्र पडलेले पान पूजेला वर्ज्य मानून आपण बाजूला सारतो. पण त्या पानावर एका जीवाचे पोषण झालेले असते. भोळ्या शंकराला तीन दलांचे एक पान भक्तीने वाहिले तरी पुरते. त्यासाठी फांदी ओरबाडण्याचे कारण नाही.

ज्येष्ठातील वटपौर्णिमेला विकत आणलेली फांदी पूजणे, हे ज्याच्यापाशी आयुष्य मागावयाचे त्याच वृक्षाचे आयुष्य तोडणे होय. पूजा उभ्या वडाची व्हावी. विजयादशमीला आपट्याचे एकच पान द्यावे. सोने ओंजळीने मोजले जात नाही.

पाखरांच्या विष्ठेतून देवळाच्या शिखरावर पिंपळ वा वड रुजतो. वास्तूच्या रक्षणासाठी तो काढावाच लागतो. परंतु मुळासह जपून काढून गावशिवारात लावल्यास वास्तू आणि वृक्ष दोन्ही राहतात.

दानशूर भाविकांनी वृक्षदानाचा संकल्प करताना रोपाबरोबर तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचाही संकल्प करावा. लावलेले झाड जगले, त्यावर पाखरू बसले, म्हणजे दान देवापर्यंत पोहोचले असे समजावे.

॥ शुभं भवतु ॥