जीर्णोद्धाराचा धर्म

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन राजरस्ते धुळ्यापाशी एकमेकांना छेदतात, आणि त्यांपैकी दुसरा पारोळा, एरंडोल ही गावे मागे टाकीत जळगावच्या अजिंठा चौफुलीवर येतो. ट्रक, ट्रॅक्टर आणि मालवाहू रिक्षा यांचा राबता असलेल्या अशा रस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजात इंग्लंडातील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९४९ ते १९५३ या काळात बांधलेली, एम.जी. टी.डी. जातीची दोन आसनांची जुनी क्रीडामोटार येऊन उभी राहिली आणि तिचे इंजिन अडखळत चालत असले, तर मिस्त्री क्षणभर कान देऊन एवढेच सांगतो, ‘मिसिंग मारते आहे, प्लग आणि वायरी बदला.’ चार प्लग, त्यांच्या चार वायरी आणि कॉइलकडून येणारी पाचवी, एवढाच हा मामला. परंतु या लहानशा दुरुस्तीच्या पोटात एक फार पुरातन प्रश्न दडलेला आहे. ज्या वस्तूचे भाग एकामागून एक बदलत जातात ती वस्तू तीच राहते काय, आणि राहत असल्यास कशाच्या बळावर राहते?

प्रश्नाचे मर्म कळण्यासाठी प्लगाचे कार्य आधी समजून घेतले पाहिजे. बॅटरीतील बारा व्होल्टांचा दाब कॉइलमध्ये पंधरा-वीस हजार व्होल्टांपर्यंत चढतो. डिस्ट्रीब्यूटर तो एक, तीन, चार, दोन या ठरलेल्या क्रमाने चार वायरींना वाटून देतो. आणि प्लगाच्या टोकाशी मुद्दाम राखलेली अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट ओलांडताना वीज जी ठिणगी पाडते, तिने पेट्रोल आणि हवा यांचे दाबलेले मिश्रण पेटून इंजिनाला गती मिळते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असता एकेका प्लगावर दर मिनिटास दीड हजार ठिणग्या पडतात, आणि त्यांतील प्रत्येक ठिणगी जाताना धातूचा एक अतिसूक्ष्म अंश आपल्याबरोबर घेऊन जाते. फट रुंदावत जाते, ती ओलांडण्यास अधिकाधिक दाब लागू लागतो, आणि अखेर एक दिवस ठिणगी पडायची चुकू लागते. वायरींची कथाही याच स्वरूपाची आहे. इंजिनाची धग, तेलाचे शिंतोडे आणि खानदेशातील मे महिन्याचे पंचेचाळीस अंशांपर्यंत जाणारे ऊन यांनी त्यांचे रबरी आवरण कडक होऊन तडकते, आणि वीज त्या तड्यांतून जवळच्या लोखंडात उतरते. रात्री काळोखात बॉनेट उघडून पाहिले तर ही गळती निळसर ज्योतींच्या रूपाने नाचताना दिसते. मात्र बाहेर असा प्रकाश चमकत असताना आत, जिथे त्याची गरज आहे तिथे, अंधार असतो.

यातून पहिली गोष्ट निष्पन्न होते ती ही की, प्लगाचे जीर्ण होणे हा प्लगाचा दोष नव्हे. जो प्लग कधी वापरलाच नाही, त्याची फट वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहील. झिजतो तो सेवा करणारा. सेवा आणि क्षय यांची ही जोडी तुटणारी नाही, आणि म्हणून जीर्ण वस्तूकडे तिरस्काराने पाहणे हा अन्याय ठरतो. पण तिच्यावरील कृतज्ञतेपोटी तिला तिच्या जागी तशीच बसवून ठेवणे योग्य, असे मात्र यातून सिद्ध होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जळगावहून साठेक किलोमीटरांवर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत ज्या धर्मपरंपरेचे भिक्षू वर्षावास करीत, तिने या प्रश्नाला दिलेले उत्तर ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नमूद आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील यवन राजा मिलिंद याला भिक्षू नागसेन विचारतो की, ज्या रथातून आपण आलात तो रथ म्हणजे आस काय, चाके काय, की जू काय; आणि यांपैकी काहीच रथ नसेल, तर रथ आहे कुठे? राजाला कबूल करावे लागते की, या सर्व अंगांच्या आश्रयाने ‘रथ’ हा केवळ व्यवहार चालतो. मोटारीच्या बाबतीत हे उत्तर विलक्षण चपखल बसते, इतकेच नव्हे, तर तिची गतीही क्षणिकवादाचे, म्हणजे सर्व काही क्षणोक्षणी उपजते आणि नाश पावते या बौद्ध मताचे, समर्थन करताना दिसते. कारण जो प्रवास आपल्याला अखंड भासतो तो मिनिटाला सहा हजार वेळा जन्मणाऱ्या आणि विझणाऱ्या ठिणग्यांचा असतो, आणि त्यांतील कोणतीही ठिणगी दुसरीसारखी असली तरी दुसरी नसते.

तथापि नागसेन येथेच थांबला असता तर त्याचे उत्तर अपुरे राहिले असते. वस्तू हा नुसता व्यवहार असेल, तर तिच्यासाठी कोणी हात काळे का करावेत? ही अडचण त्याच्या ध्यानात होती. राजाने पुनर्जन्माविषयी छेडले असता त्याने आंब्यांच्या चोराचा दृष्टांत दिला: ‘मालकाने लावला तो आंबा वेगळा आणि मी नेला तो वेगळा’ असा बचाव एखाद्या चोराने केला, तर कोणतेही न्यायासन तो मान्य करणार नाही, कारण लावलेल्या आंब्याच्याच आधारे पुढचे आंबे आले आहेत. म्हणजे अंगे बदलली तरी उत्तरदायित्व बदलत नाही. एकत्व वस्तूच्या द्रव्यात सापडले नाही तरी जबाबदारीच्या सूत्रात सापडते, हा या दृष्टांताचा इत्यर्थ मला फार मोलाचा वाटतो.

वेदान्ताचे उत्तर याहून निराळे आहे, आणि ते खानदेशच्या भूमीवर विशेष आस्थेने सांगितले गेले आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतले. त्या गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्रांचा दृष्टांत आपल्याकडे बहुधा मृत्यूच्या प्रसंगी आठवला जातो, आणि त्यामुळे त्याचा उपयोग केवळ सांत्वनापुरता उरला आहे. किंबहुना देहादी सर्व वस्तूंविषयी बेफिकीर राहण्यास त्यातून परवानगी मिळते, असाही समज रूढ झाला आहे. परंतु तो उपदेश कर्तव्यातून अंग काढून घेऊ पाहणाऱ्या माणसाला कर्तव्याकडे वळवण्यासाठी केलेला आहे, हे विसरून चालत नाही. आणि दृष्टांतातही टाकले जाते ते जीर्ण झालेले वस्त्र, धडधाकट वस्त्र फेकून देण्याला तेथे विरक्ती म्हटलेले नाही. तरीही हा दृष्टांत मोटारीला जसाच्या तसा लावता येणार नाही. मोटारीत देहरूपी वस्त्र बदलणारा देही नाही. तिला आत्मा आहे असे मानणे हा काव्याचा प्रांत झाला. तत्त्वविचारात तिला जडच म्हटले पाहिजे. मग ज्या जड वस्तूला स्वतःचा आत्मा नाही, तिचे एकत्व टिकवतो कोण?

या प्रश्नाचे उत्तर मला धुळ्याच्याच दोन दप्तरांत मिळते असे वाटते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावी देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी येथे संशोधन मंदिर उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची बाडे गावोगावच्या मठांतून मिळवून येथील समर्थ वाग्देवता मंदिरात आणली. या बाडांचा कागद जीर्ण होतो, शाई विटते, कसर लागते, आणि ग्रंथ मात्र शतकानुशतके तोच राहतो. कारण कोणीतरी दिवसचे दिवस बसून त्याची नवी प्रत केलेली असते. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला, याचे महत्त्व येथे कळते. त्याहूनही बोलका दाखला एकनाथांचा आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद आणि अपपाठ शिरून मूळ स्वर झाकोळला होता, तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी त्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांनी नवा ग्रंथ केला नाही आणि बिघडलेला ग्रंथ जुना म्हणून पूज्यही मानला नाही. जेथे वाणीचा प्रवाह गळत होता, तेवढी जागा दुरुस्त केली. ज्ञानेश्वरी आज आपल्याजवळ आहे ती अशा माणसांमुळे.

तेव्हा माझा सिद्धान्त असा: सातत्य हा वस्तूच्या अंगी आयता असलेला गुण नाही, ते राखावे लागते, आणि राखणाऱ्याच्या जबाबदारीत खंड पडला नाही तोवरच ती वस्तू एक राहते. जमिनीच्या दाव्यात नुसत्या कागदापेक्षा अखंड वहिवाटीला जे वजन असते, तेच येथे निगराणीला आहे. म्हणून दुरुस्ती हे हलक्या दर्जाचे काम नसून धर्मकृत्य आहे. आपली उपासनाही हेच शिकवते. भाद्रपदात मातीचा गणपती दरवर्षी नवा येतो, प्राणप्रतिष्ठा होते, विसर्जन होते, आणि कुणाही भाविकाला यंदाचा गणपती गेल्या वर्षीच्या गणपतीहून वेगळा वाटत नाही. खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिला वाजतगाजत निरोप दिला जातो. घराणे आपल्या रीतीत कसूर होऊ देत नाही, म्हणून त्या घराची कानबाई पिढ्यान्‌पिढ्या तीच असते.

असे असता दोन प्रकारचे प्रमाद संभवतात. एक, मूळचा भाग म्हणून निकामी झालेल्या भागालाच कवटाळून बसण्याचा. त्यात कारखान्यातून आलेले प्लग जागच्या जागी शाबूत राहतात आणि मोटार मात्र विटांवर उभी राहते. दुसरा, एक अंग झिजले म्हणून सगळी वस्तूच मोडीत काढण्याचा, जो आज अधिक प्रचारात आहे. पहिल्यात भक्तीचा आभास असतो आणि दुसऱ्यात प्रगतीचा. पण वस्तू ज्या कार्यासाठी आहे त्या कार्याकडे दोघांचेही लक्ष नसते.

येथे कोणी म्हणेल की, ज्या जिल्ह्यांत कापूसवाल्याला पेरणीसाठी कर्ज काढावे लागते, तेथे श्रीमंतांच्या हौसेच्या मोटारीवर धर्मचर्चा कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर असे की, निगराणीची पवित्रता वस्तूच्या किमतीवर अवलंबून नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती, तरी जाते, चूल, मोट आणि नांगर यांच्या सहवासात त्यांना जे दर्शन घडले, ते त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आले तेव्हा विद्वान थक्क झाले. विहिरीवरचे ऑइल इंजिन असो, जिनिंगचे यंत्र असो की हौसेची मोटार असो, जो तिच्या झिजण्याकडे लक्ष देतो तो एकच व्रत आचरीत असतो.

त्या व्रताचे नियम जाणता मिस्त्री पाळतो. तो इंजिन थंड होऊ देतो. प्लगाभोवतीची धूळ फुंकून काढतो, म्हणजे ती आत पडू नये. वायरी सगळ्या एकदम न उपसता एक काढून एक लावतो, म्हणजे क्रमाचा विसर पडू नये. नव्या प्लगाची फट फिलर गेजने मोजतो, आणि प्लग प्रथम हातानेच फिरवून बसवतो, पाना शेवटी लावतो, म्हणजे आटे बिघडू नयेत. काढलेला प्लगही तो लगेच टाकीत नाही. त्याची साक्ष घेतो. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक. काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त. तेलकट असेल तर रिंगा झिजल्या. पांढरेफटक असेल तर इंजिन अति तापते. विनोबा ज्याला विकर्म म्हणत, ते बाहेरच्या कर्माला जोडलेले चित्त, त्या लक्षपूर्वक पाहण्यात प्रत्यक्ष दिसते.

आता यंत्र सोडून ज्याच्यासाठी हा सारा विचार मांडला त्या धर्माकडे येतो. रूढीही सेवा करूनच जीर्ण होतात, आणि त्यांचे आवरण तडकले म्हणजे भक्तीचा प्रवाह माणसाच्या अंतःकरणापर्यंत न पोहोचता अभिमानात आणि देखाव्यात उतरतो. अशा वेळी रूढी जुनी आहे की नवी, हा प्रश्न गैरलागू आहे. प्रवाह पोहोचतो की नाही, एवढीच कसोटी. ‘एकेक बदल’ या नियमाची सबब करून दिरंगाई करण्यालाही मुभा नाही. कारण एका सिलिंडरात ठिणगी पडत नसली, तर तेथील न जळलेले पेट्रोल भिंतींवरचे तेल धुऊन काढते आणि बाकीच्या तिघांना त्या मृत भागाचे ओझे ओढावे लागते. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययन केलेल्या आणि तेथील प्रताप हायस्कुलात मुले घडवलेल्या साने गुरुजींनी हे जाणले. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या भाविकांना बंद होते. मे १९४७ मध्ये त्यांनी त्यासाठी उपोषण केले आणि दार उघडले. विठ्ठल तोच राहिला, वारी तीच राहिली, अभंग तेच राहिले. जेथे प्रवाह अडला होता तेवढेच अंग बदलले गेले, आणि जे लोक धर्म बुडेल म्हणून भीत होते, त्यांच्या धर्मालाच त्यामुळे अधिक बळ आले. नाथांनी ग्रंथाच्या बाबतीत केले, ते गुरुजींनी देवळाच्या बाबतीत केले.

जे पुढे चालत राहावे असे आपणांस मनापासून वाटते, त्याच्या झिजलेल्या भागांचा हिशेब आपल्याच नावे आहे. तो पूर्वजांवर लोटता येत नाही, कारण त्यांनी आपल्या काळी आपली प्रत लिहून ठेवली. आणि वंशजांसाठी तुंबवूनही ठेवता येत नाही, कारण हयगयीच्या काळात शाबूत भागही झिजत असतात. कोणते अंग जीर्ण झाले हे निरखून ओळखणे, त्याच्या सेवेचा मान राखून ते काढणे, आणि क्रम न मोडता त्या जागी नवे बसवणे, हे आपल्या वाट्याला आलेले कर्म आहे, आणि ते केल्यावाचून कोणत्याही परंपरेचा वारस म्हणवून घेण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.