नकार ऐकण्याची तयारी

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत वाटले गेले. म्हणजे या तालुक्यातल्या माणसाची ओळख यंत्राने सर्वांआधी पटवली. आता धोरणांचे मसुदे संकेतस्थळावर येतात आणि त्याच माणसाने मोबाइलवरून मत कळवावे, अशी अपेक्षा असते. पण मत नोंदवले म्हणजे संमती दिली का? मला तसे वाटत नाही. संमती मागणाऱ्याने नकार आला तर थांबायचे असते. मत मागवणाऱ्यावर असे काहीच बंधन नसते. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला. डोंगरिया कोंध आदिवासींसाठी तो डोंगर त्यांच्या नियमराजा या देवाचे ठाणे. तेव्हा धार्मिक हक्काचा विचारही ग्रामसभांनीच करावा, असे ठरले. बाराही ग्रामसभांनी नकार दिला आणि खाण अडली. उलट २०२०चा पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा मसुदा आला तो इंग्रजी-हिंदीत. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही तो द्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. शहाद्याकडच्या भिली आणि पावरी या बोली तर त्या अनुसूचीतही नाहीत.

ग्रामसभेचे फार गोडवे गाऊ नका, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. चारचौघांत बाई बोलत नाही, सालदार मालकासमोर मान खाली घालतो. शिवाय ऊसतोडीला गुजरातेत गेलेला माणूस सभेला येणार कसा? त्याच्यापर्यंत फोनच पोहोचतो. तो जरूर वापरावा, त्याच्या बोलीत आवाज नोंदवून घ्यावा. बायकांसाठी आधी महिला सभा घेण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात आहेच. ती मनापासून पाळली तरी बरेच साधेल. मात्र एकट्याने बटण दाबून दिलेल्या मताला शेजाऱ्याच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागत नाही, आणि साहेबालाही उत्तर द्यावे लागत नाही. फोनने सभेला न पोहोचण्याची अडचण सुटते, उत्तर न मिळण्याची नाही. शहादा तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे लागू असलेला १९९६चा पेसा कायदा मत आणि संमती यांतला फरक ओळखतो. भूसंपादनाआधी तो ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत एवढेच मागतो. गौण खनिजाच्या खाणपट्ट्याला मात्र त्यांची पूर्वशिफारस सक्तीची करतो. शिफारस सक्तीची असेल तर कागदावरचा ठरावही शासनाला अडवू शकतो. नुसत्या सल्लामसलतीला उत्तम ॲप जोडले, तरी जमीन द्यायची की नाही हे ठरवणारे हात तेच राहतात.